आउटबोर्ड मोटरचा गिअरबॉक्स : दुरुस्त करावा की अख्खा बदलावा?

देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा दांडा आपली जागा बदलत राहतो, आणि मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर ओहोटीच्या वेळी पाण्याखालचे खडप होडीच्या अगदी जवळ येतात. अशा ठिकाणी होडीच्या तळाआधी जमिनीला टेकतो तो मागे लावलेल्या आउटबोर्ड मोटरचा खालचा भाग, कारण चालत्या होडीत तोच पाण्यात सर्वांत खोल असतो. कंपन्यांच्या पुस्तिकांत त्याला लोअर युनिट किंवा गिअरकेस म्हणतात. बोलण्यात त्याला नुसता गिअरबॉक्स आणि प्रोपेलरला पंखा म्हटले जाते, म्हणून या लेखातही तेच शब्द ठेवले आहेत. हा गिअरबॉक्स दुखावला की मालकापुढे प्रश्न उभा राहतो की तो दुरुस्त करून घ्यावा की अख्खा बदलावा. माझे मत आधीच सांगतो. बाहेरची जखम पाहून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, ते आतले तेल पाहूनच देता येते. आणि बिघाडाचे मूळ कारण सापडलेले नसेल, तर दुरुस्तीचा खर्च काय किंवा नव्या भागाचा खर्च काय, दोन्ही अक्षरशः पाण्यात जातात.

निर्णयाकडे वळण्यापूर्वी आतमध्ये काय चालते ते समजून घेतले पाहिजे. आउटबोर्ड मोटरमध्ये इंजिन सर्वांत वर असते आणि त्याचा क्रँकशाफ्ट उभा फिरतो. त्याला जोडलेला एक लांब उभा दांडा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, मधल्या पोकळ पायातून खाली गिअरबॉक्सपर्यंत येतो. पंखा मात्र आडव्या शाफ्टवर फिरायला हवा, म्हणून उभे फिरणे काटकोनात वळवण्याचे काम शंकूच्या आकाराचे तीन गिअर करतात. ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन असतो आणि त्याच्या पुढे व मागे एकेक मोठा गिअर असतो. पुढचा गिअर बहुधा होडी पुढे नेण्यासाठी आणि मागचा उलट नेण्यासाठी वापरला जातो. नवख्या माणसाला हे ऐकून आश्चर्य वाटते की इंजिन चालू असताना हे दोन्ही मोठे गिअर सतत, एकमेकांच्या उलट दिशेने फिरत असतात, मग मोटर न्यूट्रलमध्ये का असेना. पंख्याचा शाफ्ट त्या दोघांच्या पोटातून जातो, आणि शाफ्टवर मागेपुढे सरकणारा डॉग क्लच नावाचा दातेरी तुकडा ज्या गिअरला जाऊन अडकतो, त्या गिअरची दिशा पंख्याला मिळते. मोटारगाडीच्या क्लचसारखे घसरत घसरत पकडणे इथे नसते. दाताला दात एकदम भिडतो. गिअर टाकताना जो ‘खट’ असा आवाज येतो तो याच भिडण्याचा असतो.

या गिअरांचे आणखी एक काम म्हणजे वेग कमी करणे. पिनियनला १३ आणि मोठ्या गिअरला २६ दाते असतील तर इंजिनाचे दोन फेरे झाल्यावर पंख्याचा एक फेरा होतो. इंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्यांनी फिरत असेल तर पंखा २,७५० फेऱ्यांनी फिरतो. या गुणोत्तराची आठवण पुढे गिअरबॉक्स विकत घेताना ठेवावी लागेल.

हे सगळे एका ॲल्युमिनियमच्या ओतीव कवचात, गिअर ऑइलमध्ये बुडालेले असते. कवच समुद्रात बुडालेले असते आणि आतले पोलाद खाऱ्या पाण्यापासून काही मिलिमीटर रुंदीच्या रबरी ओठांनी वाचवलेले असते. हे ओठ म्हणजे सील. पंख्याच्या शाफ्टवर बहुधा दोन सील पाठीला पाठ लावून बसवलेली असतात, ड्राइव्ह शाफ्टवर वेगळी असतात आणि गिअर बदलणाऱ्या सळईभोवती आणखी एक असते. गिअरबॉक्सच्या माथ्यावर, पण तेलाच्या कप्प्याबाहेर, पाण्याचा पंप बसतो. त्यातला रबरी इंपेलर ड्राइव्ह शाफ्टबरोबरच फिरतो आणि इंजिन थंड ठेवणारे पाणी वर ढकलतो. कवचाच्या तळाशी माशाच्या परासारखा जो भाग खाली उतरतो त्याला स्केग म्हणतात. तो होडीला सरळ ठेवायला मदत करतो आणि पंख्याच्या आधी खडकाचा मार स्वतःवर घेतो. शिवाय कवचाला जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमच्या खास मिश्रधातूचा एक तुकडा लावलेला असतो, तो ॲनोड. खाऱ्या पाण्यात धातूचा जो क्षय होणारच असतो, तो कवचाऐवजी या तुकड्याने सोसावा अशी ती योजना आहे. म्हणून ॲनोड निम्मा झिजला की बदलायचा असतो, आणि त्यावर रंग लावायचा नसतो. होडी रंगवण्याच्या उत्साहात तोही चकचकीत रंगवून टाकलेल्या मोटरी मी पाहिल्या आहेत. पुढे त्यांचे कवच पांढरी भुकटी होऊन झडू लागले तर नवल नाही.

खडकावर आपटणे हा गिअरबॉक्स बिघडण्याचा सर्वांत नजरेत भरणारा प्रकार असला, तरी जास्त गिअरबॉक्स गुपचूप मरतात. त्यात पहिला मान तंगुसाचा. पाण्यात टाकून दिलेला किंवा जाळ्यातून सुटलेला नायलॉनचा धागा पंख्याच्या मागच्या बाजूला शाफ्टभोवती गुंडाळला जातो, फिरता फिरता घट्ट होत जातो आणि शेवटी सीलचा ओठ कापतो. बाहेरून काहीही दिसत नाही. त्या दिवशी मोटर व्यवस्थित चालते, दुसऱ्या दिवशीही चालते. मात्र चालताना गिअरबॉक्स तापतो आणि आतला दाब वाढून थोडे तेल बाहेर पडते. मोटर थांबली की तो थंड होतो, आतली हवा आकसते आणि फाटलेल्या सीलमधून समुद्राचे पाणी आत ओढले जाते. रोजच्या तापण्या-निवण्याने तेलाची जागा पाणी घेऊ लागते. पाण्यात तेलाइतके वंगण नसल्याने बेअरिंगना आधी गंज आणि मग खड्डे पडतात, आणि एखाद्या दिवशी पूर्ण वेगात असताना गिअरचा दात तुटतो. तेव्हा दोष गिअरला दिला जातो, खरे कारण मात्र काही आठवड्यांपूर्वीचा हातभर तंगूस असतो.

दुसरे गुपचूप कारण म्हणजे हळुवार हात. गिअर मोडू नये म्हणून लिव्हर जपून, हळूहळू पुढे ढकलणारे पुष्कळ जण असतात आणि त्यांचा हेतू चांगला असतो, पण डॉग क्लचला हीच सवय मारक ठरते. दात पूर्ण भिडण्याआधी नुसत्या टोकांवर घासत राहतात, त्यांचे कोपरे गोल होतात आणि मग जोर पडला की क्लच आपोआप सुटू लागतो. इंजिन अगदी मंद चालीवर आणून लिव्हर एका झटक्यात, ठामपणे टाकणे हीच खरी काळजी आहे.

आता समजा, होडी नीट चालत नाही. गिअरबॉक्स खोलायच्या आधी काही स्वस्त संशयितांना मोकळे करावे लागते. इंजिनाचा आवाज वाढतो पण होडी पुढे जात नाही, अशी तक्रार असेल तर पहिली नजर पंख्याच्या मधोमध असलेल्या रबरी बुशावर टाकावी. धक्का लागला तर गिअर वाचावेत म्हणून बहुतेक पंखे शाफ्टवर या रबराच्या आधाराने पकडलेले असतात, आणि ते रबर सुटले की बुश फिरतो, पंखा मागे राहतो. बुश आणि पंखा या दोहोंवर रंगाची एक सलग रेघ ओढून होडी जोरात चालवून आणावी. रेघ तुटून दोन ठिकाणी गेली असेल तर दुखणे पंख्याचे आहे, गिअरबॉक्सचे नाही. लहान मोटरींमध्ये हेच काम शाफ्टमध्ये आडवी बसणारी एक पिन करते आणि ती जाणूनबुजून कमकुवत ठेवलेली असते. ती तुटणे म्हणजे तिने आपले काम केले असे समजावे. गिअर सुटत असेल तर आधी लिव्हरपासून येणारी केबल तपासावी, कारण ती थोडी सैल असली तरी क्लच अर्धवटच भिडतो आणि लक्षण अगदी झिजलेल्या क्लचसारखे दिसते.

एवढे पाहून झाल्यावर इंजिन बंद करून, स्पार्क प्लगच्या वायर काढून ठेवून, पंखा हाताने फिरवावा. वायर काढायला विसरू नये. हाताने पंखा फिरवताना इंजिन क्षणभर जरी उठले तरी बोटे जातात. न्यूट्रलमध्ये पंखा मोकळा फिरला पाहिजे आणि गिअरमध्ये त्याने निदान एका दिशेला तरी अडून इंजिनाचा भार हाताला जाणवू दिला पाहिजे. गिअरमध्येही तो दोन्ही दिशांना मोकळा फिरत असेल, तर क्लच भिडत नाही, सळई सुटली आहे किंवा ड्राइव्ह शाफ्ट तरी तुटला आहे. याच वेळी एखादी काडी कवचाला टेकवून तिचे टोक शाफ्टच्या अगदी जवळ धरावे आणि शाफ्ट सावकाश फिरवावा. काडी आणि शाफ्ट यांच्यातले अंतर कमीजास्त होत असेल तर शाफ्ट वाकलेला आहे. हा तपास बिनखर्ची असला तरी फार मोलाचा आहे, कारण वाकलेला शाफ्ट दर फेऱ्याला सीलचा ओठ बाजूला दाबतो आणि अशा शाफ्टवर बसवलेले नवे सील फार टिकत नाही.

यानंतरची पायरी तेलाची, आणि या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. मोटर रात्रभर सरळ उभी ठेवावी आणि सकाळी खाली स्वच्छ, पसरट भांडे ठेवून तळाचा स्क्रू किंचित सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते आत असेल तर आधी तेच गळते. त्यानंतर वरचा स्क्रूही काढला की हवा आत शिरते आणि तेल मोकळे वाहते. इथे एक इशारा द्यावासा वाटतो. जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या अनेक जुन्या मोटरींवर तळाच्या स्क्रूच्या जवळ चौफुलीच्या खाचेचा आणखी एक स्क्रू असतो, आणि तो आतल्या गिअर बदलण्याच्या यंत्रणेचा टेकू धरून ठेवतो. तेलाचा समजून तो काढला तर आतली जोडणी सुटते आणि तेल बदलायला बसलेल्या माणसाला अख्खा गिअरबॉक्स खोलावा लागतो.

निघालेले तेल उजेडात पाहावे. मधासारखे स्वच्छ असेल तर आत पाणी नाही. काळे आणि करपट वासाचे असेल तर ते जुने झाले आहे किंवा फार तापले आहे. दूध जास्त झालेल्या चहासारखे दिसत असेल तर पाणी शिरलेले आहे, आणि सील बदलावीच लागणार. मग तळाच्या स्क्रूवरच्या चुंबकाला काय चिकटले आहे ते दोन बोटांत चोळावे. काजळासारखा मऊ लेप असेल तर ती गिअरांची रोजची झीज असते आणि तिची चिंता नको. बोटाला टोचणारे चुरे, चपटे कपचे किंवा दाताचा तुकडा मिळाला तर आतला गिअर किंवा बेअरिंग फुटलेले आहे आणि त्या गिअरबॉक्सने एक तासही चालू नये. दुधाळ तेल पण चुरा नाही, ही स्थिती सर्वांत आशादायक असते: रोग आहे, पण तो अजून हाडांपर्यंत गेलेला नाही. अशी मोटर मालकाने आठवडाभर तशीच दामटली की तीच मोटर चुरा घेऊन कारागिराकडे येते.

पाणी कुठून शिरते हे शोधण्यासाठी तेल काढलेल्या गिअरबॉक्समध्ये वरच्या छिद्रातून हातपंपाने हवा भरतात. दाब किती द्यायचा हे त्या मोटरच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेले असते. तो साधारण १० ते १५ पीएसआयच्या आसपास असतो आणि त्यापलीकडे गेल्यास चांगली सीलही जागेवरून उठू शकतात. काटा खाली येऊ लागला की साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहावे. मग उलटा प्रयोग करून आतली हवा ओढून घ्यावी. काही सील आतून दाब आल्यावर घट्ट बसतात आणि आतली हवा ओढल्यावरच गळतात, त्यामुळे एकाच परीक्षेवर विसंबणे बरे नव्हे. दाब धरून ठेवला असताना पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो वाकलेला असेल तर ठरावीक जागी आल्यावरच गळती दिसते.

बाहेरच्या जखमांपैकी स्केगचा तुटलेला तुकडा दिसायला भयंकर असतो, पण सहसा तो जीवघेणा नसतो. ॲल्युमिनियमचे काम जाणणारा कारागीर आर्गन वेल्डिंगने तिथे नवा तुकडा जोडू शकतो. अट एवढीच की आधी रंग, मीठ आणि तेल पूर्ण घालवावे लागते, नाहीतर वेल्ड सच्छिद्र होते, आणि उष्णता वर सीलपर्यंत पोचू नये याची खबरदारी घ्यावी लागते. मला विचाराल तर स्केगचे वेल्डिंग झाल्यावर दाबाची परीक्षा पुन्हा घेतल्याशिवाय मोटर पाण्यात उतरवू नये. पंख्यापुढचा गोल, टपोरा भाग, ज्याच्या पोटात गिअर असतात, तो तडकला असेल तर गोष्ट वेगळी आहे. तिथे बेअरिंग बसण्याच्या जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबाने कोरलेल्या असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने कवच किंचित जरी मुरडले तरी शाफ्टची रेषा बिघडते. एपॉक्सीच्या लांबीने ते तडे बुजवून देणारे भेटतात, पण असा लेप किनाऱ्यापर्यंत परत येण्यापुरता ठीक, त्यावर हंगाम काढणे मात्र धोक्याचे. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांवर होड्या ठेवणाऱ्या मराठी वाचकांनी यात आणखी एक कारण जोडून घ्यावे: गिअरबॉक्समध्ये पाणी राहून हिवाळ्यात त्याचा बर्फ झाला, तर तो फुगून हेच कवच आतून फोडतो.

कोकणातल्या मोटरींत दुरुस्तीचा खरा अडसर बहुतेक वेळा गंजाचा असतो. पंख्यामागचा बेअरिंग धरणारा भाग कवचात घट्ट रुजून बसतो, कारण दोन धातूंच्या मधे शिरलेले मीठ पांढऱ्या दगडासारखे होते. त्याला ओढून काढणारे खास साधन लावून, उष्णता देऊन आणि गंज सोडवणारे तेल मुरू देऊन धीराने काढावे लागते; छिन्नी-हातोडा लावला की कवचाचा काठ तुटतो आणि शंभर रुपयांच्या सीलपायी अख्खे कवच जाते.

आता आतले गिअर. पुढे नेणारा गिअर सर्वांत जास्त भार वाहतो, त्यामुळे बहुधा तोच आधी जातो, आणि पिनियन त्याच्याशी घासून घासून जुळलेला असल्याने दोघे जोडीनेच बदलावे लागतात. फुटलेल्या दाताचा चुरा तेलाबरोबर प्रत्येक बेअरिंगमध्ये फिरून आलेला असतो, म्हणून बेअरिंगही बदलणे आले. यापुढचे काम घरी न करण्याचे कारण असे की नवे गिअर नुसते आत ठेवून चालत नाहीत. पिनियन किती खोल बसला आहे आणि दात्यांमध्ये किती मोकळीक आहे, हे डायल गेजने मोजून, गिअरांमागे कागदासारख्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, कमीजास्त करून जुळवावे लागते. प्रत्येक कवच कोरताना सूक्ष्म फरक राहतोच. यामाहाच्या गिअरबॉक्सवर तर ॲनोडच्या बैठकीपाशी पी, एफ आणि आर या अक्षरांपुढे त्या त्या कवचाचा फरक कोरलेला असतो आणि कारागीर त्यावरून शिमचा हिशेब करतो. म्हणजेच जुने चांगले गिअर दुसऱ्या कवचात नुसते उचलून ठेवले तरी हा हिशेब पुन्हा करावा लागतो. मोकळीक कमी राहिली तर दात तापून सोलतात, जास्त राहिली तर आपटून तुटतात. गिअर घरघरतो आणि ‘बसला की जाईल आवाज’ असे कारागीर म्हणतो, तेव्हा त्याने गेज लावले होते का, एवढे विचारावे.

तर निर्णय असा करावा. फक्त सील, पंप, ॲनोड, केबल किंवा स्केग यांचा प्रश्न असेल तर दुरुस्तीच करावी, तिथे बदलण्याचा विचारही नको. नुसता डॉग क्लच झिजला असेल आणि गिअरावरचे त्याचे जोडीदार दात धारदार असतील, तरीही दुरुस्ती परवडते. पण गिअरांची जोडी, बेअरिंग आणि एखादा शाफ्ट अशी तिन्ही गेली असतील, तर सुट्या भागांची बेरीज तयार गिअरबॉक्सच्या किमतीजवळ जाऊन पोचते, त्यात मजुरी वेगळी आणि चुकीच्या शिमचा धोकाही असतोच. कवचाला बेअरिंगपाशी तडा असेल तर बेरीज न करताच बदलण्याकडे वळावे. यात वेळेचाही हिशेब असतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. त्या काळात सुट्या भागांची वाट पाहणे परवडते. भर हंगामात मोटर अडली तर रोजचा बुडालेला फेरा हाही खर्चच धरला पाहिजे, आणि तेव्हा तयार गिअरबॉक्स महाग वाटला तरी स्वस्त पडू शकतो.

तयार गिअरबॉक्स घेताना बोल्ट जुळले म्हणजे सर्व जुळले, हा समज फार महागात पडतो. माझ्याच बाबतीत हे घडले आहे. एका विक्रेत्याकडून घेतलेला जुना गिअरबॉक्स माझ्या मोटरला अगदी सहज बसला, होडी चाललीही, पण इंजिन पूर्ण रेस देऊनही आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचेना. महिनाभर मी पंखे बदलत राहिलो आणि मग कळले की आतले गुणोत्तरच वेगळे आहे. एकाच अश्वशक्तीच्या मोटरला दोन गुणोत्तरे असू शकतात: मर्क्युरीची ६० अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक मोटर साध्या गिअरबॉक्ससह १.८३ आणि जड होड्यांसाठीच्या मोठ्या गिअरबॉक्ससह २.३३ अशा दोन रूपांत येते. विकत घेण्यापूर्वी हे तपासायला काही लागत नाही. गिअर टाकून ड्राइव्ह शाफ्ट हाताने फिरवावा आणि पंख्याच्या शाफ्टचे १० फेरे पुरे होईपर्यंत वरचे फेरे मोजावेत. १८ च्या थोडे पुढे आले तर १.८३ आणि २३ च्या थोडे पुढे आले तर २.३३.

त्याच वेळी दिशाही पाहून घ्यावी. बहुतेक मोटरींचे इंजिन वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. ड्राइव्ह शाफ्ट तसा फिरवल्यावर, पुढच्या गिअरमध्ये, मागून पाहताना पंख्याचा शाफ्टही घड्याळाच्या दिशेने फिरला तर तो नेहमीचा उजवा गिअरबॉक्स. दोन मोटरींच्या होडीसाठी डावा गिअरबॉक्सही बनतो, आणि त्याच्या आत भार पेलणाऱ्या बेअरिंगची मांडणी वेगळी असल्याने उजव्याला डावा पंखा लावून तो बनवता येत नाही. पायाची लांबीही विचारावी. ती १५, २० आणि २५ इंच अशा मापांत येते आणि ड्राइव्ह शाफ्टची लांबी तिच्याशी जुळावी लागते. टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक यांचे गिअरबॉक्स एकाच कंपनीचे व एकाच ताकदीचे असले तरी सारखे धरू नयेत. जुन्या मालाचे तेल विक्रेत्यासमोरच काढून पाहावे. नुकतेच भरलेले कोरे तेल दिसले तर खूश होण्याऐवजी शंका घ्यावी. आणि भाग पुढेही मिळत राहतील का, हा विचार करावा. १९०९ मध्ये ओले एव्हिनरूड यांनी मिल्वॉकीत सुरू केलेल्या एव्हिनरूडच्या आउटबोर्ड मोटरींचे उत्पादन तिच्या मालक कंपनीने २०२० मध्ये थांबवले, त्यामुळे तसल्या मोटरीवर मोठा खर्च करताना दोनदा विचार करावा लागतो.

बदलण्याचे प्रत्यक्ष काम गिअर जुळवण्याइतके कठीण नाही. बॅटरी सोडावी, प्लगच्या वायर काढाव्यात, गिअर कोणत्या स्थितीत ठेवायचा ते पुस्तिकेत पाहावे, कारण ते कंपनीगणिक बदलते. पंख्याच्या वर कवचाला लावलेल्या छोट्या पराची, म्हणजे ट्रिम टॅबची, दिशा खुणेने नोंदवून मगच तो काढावा. कित्येक मोटरींत एक बोल्ट त्याच्याखाली लपलेला असतो आणि तो न काढता गिअरबॉक्स ओढणारे कवच तोडून बसतात. गिअरची सळई सोडली, उरलेले बोल्ट काढले की गिअरबॉक्स सरळ खाली उतरतो. तो वजनदार असतो, तेव्हा खाली दुसऱ्या माणसाचा हात हवा.

नवा चढवण्यापूर्वी पंपाचा इंपेलर नवा घालावा. जुना चांगला दिसतो म्हणून ठेवण्यात शहाणपण नाही, कारण तोच भाग बदलण्यासाठी पुढे पुन्हा हे सगळे उतरवावे लागते. ड्राइव्ह शाफ्ट इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने फिरवतच तो पंपात बसवावा, म्हणजे पाकळ्यांची टोके फिरण्याच्या उलट बाजूला झुकतात. ड्राइव्ह शाफ्टच्या खाचांच्या बाजूंना ग्रीस लावावे, पण शाफ्टच्या माथ्यावर लावू नये. तिथे साठलेल्या ग्रीसला निघायला वाट नसते आणि शाफ्ट पूर्ण वर बसत नाही. शाफ्ट, पाण्याची नळी आणि सळई ही तिन्ही एकाच वेळी आपापल्या जागी शिरावी लागतात. गिअरबॉक्स बोटभर खाली अडला तर पंखा किंचित फिरवून खाचा जुळवाव्यात. बोल्ट आवळून तो वर ओढण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण त्यात काहीतरी वाकते किंवा फुटते. बोल्टांना खाऱ्या पाण्यासाठीचे ग्रीस लावले तर पुढच्या वेळी ते निघतील तरी.

तेल खालच्या छिद्रातून भरावे, म्हणजे हवा वरून निघत जाते आणि आत पोकळी राहत नाही. वरच्या छिद्रातून बुडबुड्यांशिवाय तेल आले की आधी वरचा स्क्रू नव्या वॉशरसह बसवावा आणि मग तेल भरण्याचा पंप काढून खालचा झटकन लावावा. मोटर पाण्याशिवाय क्षणभरही चालवू नये, नवा इंपेलर तेवढ्यातच जळतो. पाण्यात उतरवून मंद चालीवर सुरू करावी, थंड करणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडते का ते पाहावे, पुढचा-मागचा गिअर चार-पाच वेळा टाकून पाहावा आणि मगच वेग द्यावा. नव्या गिअरांचे पहिले तेल साधारण २० तासांनंतर आणि पुढे दर १०० तासांनी बदलतात, पण मी पहिल्या तीन-चार फेऱ्यांनंतरच मोटर रात्रभर उभी ठेवून तळाचा स्क्रू किंचित सैल करतो आणि पहिले काही थेंब तळहातावर घेऊन पाहतो.